‘मूळव्याधच असेल’

माझ्या मोठ्या जाऊबाईंना फिक्या रंगांची फार आवड. अबोली, पिस्ता, आकाशी अशा सुती साड्या, त्याही स्वतः खळ घालून कडक इस्त्री केलेल्या. २०१६च्या गणपतीनंतर कधीतरी त्या गडद साड्या नेसायला लागल्या. चॉकलेटी, जांभळी, काळपट हिरवी. मला वाटलं, वयाप्रमाणे आवड बदलली असेल. दिवाळीला मी त्यांना मरून रंगाची एक साडी घेऊनही दिली. ‘छान आहे हो रंग,’ म्हणत त्यांनी ती हातानं चाचपली आणि कपाटात ठेवून दिली. ती साडी आठवली की अजून माझं मलाच कसंतरी होतं.

आम्ही सगळे त्यांना वैनी म्हणतो. पालीला बल्लाळेश्वराच्या देवळापासून पाच मिनिटांवर आमचं घर. चतुर्थीला आणि दोन्ही उत्सवांत भाविकांच्या जेवणाच्या ऑर्डरी असतात, त्यामुळे घरात माणसं आणि नारळ यांची मोजदाद नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन इथे आले आणि मुलं थोडी मोठी झाल्यावर महिला मंडळ, बचत गट, वाड्यांवरची आरोग्य शिबिरं यांत पडले. ठाकूरवाडीत, कातकरवाडीत जाऊन बायकांच्या पापण्या खाली ओढून ‘रक्त कमी दिसतंय गं तुझं’ असं सांगणारी मी. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या समोर बसून खोबरं खवणारी बाई पांढरीफटक होत चालली होती, ते मला दिसलं नाही.

दिसलं ते २०१७च्या माघी उत्सवात. मोदक वळायला बसलो होतो. तासाभरात वैनी चार वेळा उठून परसदारी गेल्या. मी आपली गंमत केली, ‘काय वैनी, आज फेऱ्या फार?’ त्या हसल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग मी गेले तेव्हा संडासाच्या भांड्यात, घाईत ओतलेल्या पाण्यानं वाहून न गेलेलं रक्त दिसलं. थेंब-दोन थेंब नव्हतं ते.

रात्री भांडी आवरल्यावर विचारलं. वैनी म्हणाल्या, ‘अगं, मूळव्याधच असेल. आईलाही होती.’

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, की आता ते कुणी म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

वैनींनी तोवर काय काय केलं होतं ते हळूहळू बाहेर आलं. सुरण खाऊन झाला होता. ताकात जिरं-सैंधव घालून झालं होतं. इसबगोल, त्रिफळा, रात्री एरंडेल. कुणीतरी सांगितलं म्हणून पहाटे उन्हेरेच्या गरम कुंडावर जाऊन बसून झालं होतं. यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. ताक आणि इसबगोलानं पोट साफ राहतं, गरम पाण्यात बसलं की खरंच आराम पडतो. पण आराम पडला म्हणजे दुखण्याचं नाव कळलं असं होत नाही ना! नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं, आणि मग त्याच नावावर पाच महिने उपचार चालले होते.

डॉक्टरांकडेही गेल्या होत्या एकदा. भावजी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? भावजींनी सांगितलं, ‘हिला पोटाचा त्रास आहे, मूळव्याध आहे.’ वैनी मान खाली घालून बसलेल्या. डॉक्टरांनी तपासलं नाही. मलम आणि गोळ्या लिहून दिल्या. कुणाला दोष देऊ? सांगणाऱ्यानं नाव आयतं दिलं, ऐकणाऱ्यानं ते घेतलं, आणि जिचं दुखणं ती बोललीच नाही.

न बोलण्यासारखं काय होतं? तर हे सगळं. दिवसातून सहा-सात वेळा जावंसं वाटायचं, पण गेलं की नुसती शेम पडायची. जाऊन आलं तरी पोट साफ झालंय असं वाटायचंच नाही. पूर्वी अशी सवय नव्हती. शौच बारीक, सुतळीसारखी व्हायला लागली होती. वजन उतरलं होतं, ते ‘उपासानं’ असं सगळ्यांना सांगून झालं होतं. आणि रक्त. वय शेहेचाळीस, पाळी मागेपुढे होत होती, तेव्हा ‘तेच असेल’ अशी एक समजूत, ती पटेना झाली की ‘मूळव्याध असेल’ ही दुसरी. बायकांच्या बाबतीत ही एक मोठीच फसगत आहे. रक्ताची आपल्याला सवय असते. महिन्याच्या महिन्याला बघतो, धुतो, लपवतो. तसंच हेही धुतलं आणि लपवलं जातं. गडद साड्यांचा उलगडा मला त्या रात्री झाला.

तरी त्या उठून लगेच आल्या असं समजू नका. ‘पुरुष डॉक्टर तिथं बघणार? नको गं बाई.’ होळीपर्यंत मी मागे लागले. शेवटी पेणला एक डॉक्टरीण बाई आहेत असं कळलं, तेव्हा तयार झाल्या. एसटीचा प्रवास त्यांनी कसा केला असेल ते त्यांनाच माहीत. मध्ये थांबायला जागा नाही, म्हणून आदल्या दुपारपासून जेवल्या नव्हत्या, पाणी प्यायल्या नव्हत्या, आणि जुन्या लुगड्याच्या घड्या करून बांधल्या होत्या.

ज्या तपासणीची सात महिने भीती वाटली ती एका मिनिटात संपली. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण भीती बहुतेक वेळा न कळण्याची असते. पडदा ओढला. डाव्या कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले. अंगावर चादर होती. मी उशाशी उभी. (पुरुष डॉक्टर असले तरी सोबत बाई असावी असं आपण म्हणू शकतो, त्यात काही गैर नाही.) डॉक्टरांनी हातमोजा घातला, बोटाला जेली लावली आणि ‘खोल श्वास घ्या’ म्हणाल्या. थोडं अवघडल्यासारखं वाटलं, एवढंच, असं वैनी नंतर म्हणाल्या.

डॉक्टर हात धुऊन आल्या आणि त्यांनी माझ्याकडे न बघता वैनींकडे बघून सांगितलं, ‘ताई, आत बोटाला गाठ लागतेय. साधी आतली मूळव्याध बोटाला सहसा अशी लागत नाही. याचा तुकडा तपासायला हवा. मी चिठ्ठी देते, उशीर करू नका.’

चिठ्ठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची होती. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय. रायगडातल्या कित्येक घरांत ‘टाटाला गेले’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, आवाज आपोआप खाली येतो. आम्हीही पहाटेच्या एसटीनं पनवेल, पुढे लोकल, असे गेलो. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा गेला, स्कॅन झाले. गुदाशयाचा कॅन्सर. बाहेर फार पसरलेला नव्हता, पण गाठ अगदी खाली होती आणि भिंतीत खोल गेली होती.

तिथल्या बाकांवर बसून दिवसच्या दिवस काढताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्यासारख्या पेशंटांमध्ये म्हातारी माणसं कमी आणि तिशी-चाळिशीतली जास्त. मला वाटायचं, हा म्हातारपणीचा रोग. टाटाच्याच डॉक्टरांनी आपल्याकडे वर्षभरात आलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचं सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास निघालं. निम्म्याहून अधिक लोकांना रक्त जात होतं. आणि तिथे पोचण्याआधी त्यांनी सरासरी चार महिने तसेच काढले होते. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे हा कॅन्सर कमी आहे, हे खरं. त्यामुळेच तर तो कुणाच्या मनात येत नाही.

उपचार वर्षभर चालले. आधी शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन, असे पाच आठवडे, सोबत केमोच्या गोळ्या. मग काही आठवडे थांबून मोठं ऑपरेशन, मग पुन्हा केमो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, तिथून ये-जा केली. घरचं रेशनकार्ड केशरी असल्यानं खर्चाचा बराच भार महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं उचलला. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावानं पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आता ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. घरी कुणाला असं काही निघालं तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शोधा. घरचं सोनं मोडायला नंतर निघा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी समजावून सांगितलं. गाठ इतकी खाली आणि खोल आहे, की शौचाची जागा वाचवता येणार नाही. ती कायमची बंद करून पोटावर डावीकडे आतड्याचं तोंड काढावं लागेल आणि त्यावर पिशवी लावावी लागेल. वैनींनी एवढंच विचारलं, ‘आधी आले असते तर?’ सर्जन थोडे थांबले. म्हणाले, ‘गाठ लहान असती तर कदाचित वाचवता आली असती. नक्की सांगता येत नाही.’ मला ते उत्तर आवडलं. खोटा दिलासा नाही, टोमणाही नाही.

आता जरा विज्ञानाचं, मला जेवढं कळलं तेवढं. आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी छोटा कोंब उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळ्या पॉलिपांचा कॅन्सर होत नाही. ज्यांचा होतो त्यांनाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे हा रोग आपल्याला सावध व्हायला भरपूर वेळ देतो. तो कोंब दुर्बिणीतूनच कापून काढता येतो, टाके नाहीत की चिरा नाही. आणि कॅन्सर झाला तरी आतड्याच्या भिंतीतच असताना सापडला तर दहातले नऊजण पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात.

याचा पुरावा आमच्याच घरी आला. टाटामध्ये वैनींना विचारलं होतं, माहेरी कुणाला असा त्रास? वैनी म्हणाल्या, नाही. दोन दिवसांनी त्यांना आठवलं, थोरला भाऊ पन्नाशीच्या आत ‘पोटाच्या दुखण्यानं’ गेला होता. कसलं दुखणं ते कुणी कधी बोललंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सख्ख्या भावंडांनी आणि पुढे मुलांनीही तपासून घ्यायला हवं. त्यांची धाकटी बहीण रोह्याला असते. तिला काहीसुद्धा होत नव्हतं. रक्त नाही, दुखणं नाही. नाराजीनंच गेली. आदल्या रात्री ते औषधाचं पाणी पिऊन पोट साफ करायचं, तोच काय तो ताप, कोलोनोस्कोपीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन असल्यानं तिला काही कळलंही नाही. दोन पॉलिप निघाले. तिथल्या तिथे काढले. संध्याकाळी ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या थापल्या. एकाच आईच्या पोटच्या या दोघी.

तेव्हा मैत्रिणींनो, रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. बहुतेक वेळा मूळव्याध किंवा फिशर, म्हणजे चीर, हेच निघतं. बीट खाल्लं तरी लाल दिसतं आणि लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, हेही ध्यानात ठेवा. पण ‘मूळव्याध आहे’ हे डॉक्टरांनी तपासून म्हणायचं असतं, आपण नाही. रक्त जाणं, दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस सवय बदललेली राहणं, जाऊन आल्यावरही साफ न वाटणं, शेम पडणं, कारण नसताना वजन उतरणं. आणि एक खास आपल्यासाठी: पाळी गेल्यावरही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका. रक्त जातंय कुठून, हे विचारा. शौचातून न दिसणारं रक्त जातंय का याची साधी तपासणी लॅबमध्ये होते. इंग्लंडमध्ये ठरावीक वयानंतर तिचा संच सरकार टपालानं घरी पाठवतं. आपल्याकडे तिशीनंतर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची सरकारी तपासणी आहे, आशाताई त्यासाठी बोलवायला येतात. आतड्यासाठी अशी तपासणी त्यात नाही. म्हणजे तुम्हाला बोलवायला कुणी येणार नाही.

हो, आणि संडासात चांगला बल्ब लावा. हसू नका. आमच्या परसदारच्या संडासात झिरोचा पिवळा दिवा होता. त्यात कुणाला काय दिसणार!

या विषयावर उघड बोलणं हे आपल्याकडे सध्या फक्त भिंतींकडे सोपवलेलं आहे. ‘मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज’ अशी मोठ्या अक्षरांतली रंगवलेली जाहिरात कुठल्याही गावाच्या रस्त्यावर सापडते, आणि बायका त्या भिंतीकडे न बघता पुढे जातात. अमेरिकेत केटी कुरिक नावाच्या टीव्हीवरच्या बाईंचा नवरा १९९८ साली बेचाळिसाव्या वर्षी याच रोगानं गेला. २००० साली त्यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली. नंतर अभ्यासकांनी मोजलं तर पुढचे काही महिने तिथे या तपासण्या वीसेक टक्क्यांनी वाढल्या होत्या. मी हे वैनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आपल्याकडे कुठला टीव्ही? मंडळात बोलते मी.’

मला वाटलं, म्हणतायत आपल्या. पण २०१९च्या महिलादिनाला हळदीकुंकू आणि उखाण्यांच्या मध्येच त्या उभ्या राहिल्या. ‘माझ्या पोटावर पिशवी आहे. हिच्यातून होते मला. वास येत नाही, मागच्या दोन तासांत कुणाला आला का?’ आधी एक खुसखुस, मग अशी शांतता, की बाहेरचा रिक्षावाला ऐकू यावा. त्यांनी सगळं सांगितलं. साड्यांचंसुद्धा. माझ्या मरून साडीचंसुद्धा. मग म्हणाल्या, ‘मी लाजले नसते तर ही पिशवी कदाचित नसती. आता लाजून काय करू?’

कार्यक्रम संपला, पण बऱ्याचजणी चपला घालायचं नावच घेईनात. एकेक करून वैनींना कोपऱ्यात घेत होत्या. एक पन्नाशीची बाई तीन वर्षं रक्त पुसत होती. वाडीवरची एकजण म्हणाली, वीटभट्टीवर दिवसा जायला आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही, मग खडा धरतो. त्यांतल्या सातजणींना घेऊन मी पुढच्या पंधरवड्यात डॉक्टरांकडे गेले. सगळ्यांचं साधंच निघालं, मूळव्याध किंवा चीर. औषधानं बऱ्या झाल्या. वाडीवरच्या बाईचं औषधानं भागणारं नव्हतं, भट्टीवर आडोसा कोण देणार? तो प्रश्न अजून तसाच आहे.

आता माझं. लिहू की नको असं झालं होतं, पण वैनी म्हणाल्या, लिही.

२०२२च्या पावसात मला रक्त गेलं. ठळक लाल, आणि जाताना काचेनं कापल्यासारखं दुखणं. आणि इतकी व्याख्यानं देणारी मी काय केलं असेल? बारा दिवस कुणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, मूळव्याधच असेल. पालीतल्या मेडिकलवाल्याचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गातला, म्हणून नागोठण्याला जाऊन मलमाची ट्यूब आणली आणि गव्हाच्या डब्यात लपवली.

तेराव्या दिवशी वैनी दळण काढायला गेल्या. ट्यूब हातात घेऊन बाहेर आल्या, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नाव वाचलं. मला काही विचारलं नाही. आपल्या खोलीत गेल्या, पिशवी बदलली, ती पिस्ता रंगाची साडी नेसल्या आणि हातात छत्री घेऊन ओटीवर येऊन उभ्या राहिल्या.

‘चल. साडेनवाची गाडी आहे.’

पेणच्या त्याच डॉक्टरीण बाई. चीर होती. भरपूर पाणी, भाज्या, गरम पाण्याचा शेक आणि एक मलम. महिन्यात बरं झालं. वय चाळिशीपुढचं, म्हणून सांगितलेली पुढची तपासणीही करून घेतली, तीही स्वच्छ आली.

त्या दिवशी मी तपासून बाहेर आले, तर वैनी बाकावर शेजारच्या एका अनोळखी बाईंशी बोलत बसल्या होत्या. त्या बाईंनी पदरानं तोंड अर्धं झाकलेलं. वैनी त्यांना विचारत होत्या, ‘किती दिवस झाले?’